सुनेचं प्रेशर

"आडवी हो आधी! हलू नकोस!" ॲम्ब्युलन्समधून उडी मारतामारताच मी ओरडले.

मोनाली जगदाळे अंगणात बसून गहू निवडत होती. तिनं मागं वळून पाहिलं. मी दुसऱ्याच कुणावर ओरडतेय असं तिला वाटलं असावं.

"कोण आडवं होऊ, सिस्टर?"

"तू! डोकं दुखतंय? डोळ्यांपुढं अंधारी येतेय? पोटात वर कळ मारतेय?"

"नाही हो. भूक लागलीय तेवढी."

तोवर सायरनच्या आवाजानं अर्धं निंबोडी गाव जगदाळ्यांच्या दारात जमलं होतं. कुणी कंबरेवर घागर घेऊन, कुणी तोंडात मिश्री घेऊन. मी फोन उघडून पुन्हा पाहिला. मोनालीच्या नावापुढं लाल अक्षरांत आकडा होता, वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे चार. एवढं प्रेशर असलेल्या गरोदर बाईला भूक लागत नाही, झटके येतात.

"मशीन कुठंय?"

मोनालीनं ओसरीकडं बोट दाखवलं. तिथं तिचे सासरे, भानुदास तात्या, खुर्चीत ऐसपैस बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत वर, पाय लांब सोडलेले आणि दंडाला आमचा निळा पट्टा!

"तात्या!"

"काय न्हाय वो सिस्टर," तात्या पट्टा सोडवत म्हणाले. "जरा मोजून बगत हुतो. फुकटचं हाय म्हणलं."

गाव खो खो हसलं. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी जातीची फटकळ, मनात ठेवून घेणं मला जमत नाही. भर गर्दीत मी तात्यांची जी हजेरी घेतली ती अजूनही निंबोडीत सांगतात म्हणे. "हे मशीन तुमच्या सुनेचा जीव वाचवायला दिलंय, तात्या, तुमची हौस भागवायला नाही. आणि आकडा बघितलात का स्वतःचा? उद्याच्या उद्या दवाखान्यात येऊन गोळ्या सुरू करा, नाहीतर पुढची ॲम्ब्युलन्स खरोखर तुमच्यासाठी येईल. आणि कान उघडे ठेवून ऐका सगळे, या घरात दुसऱ्या कुणाचंही प्रेशर या मशीनवर मोजायचं नाही!"

तात्यांनी कानाला खडा लावला. त्यांच्या मागं स्वयंपाकघराच्या दारात शालनबाई, म्हणजे मोनालीची सासू, पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या. मी बोललेला शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता.

मी एवढी का चिडले ते सांगते. मोनालीचं पहिलं पोर सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. प्रेशर चढलं, कुणाला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या वेळी तीही जेमतेम वाचली होती. ही दुसरी खेप. या खेपेला बाळ आणि बाळंतीण दोघं धडधाकट घरी आणायची, असं मी तिच्या आईसमोर छातीठोकपणे बोलून बसले होते.

त्या वर्षी आमच्या तालुक्यात एक संशोधन चालू होतं. गरोदर बाई तपासणीला महिन्या-पंधरा दिवसांनी येते. मधल्या दिवसांत तिचं प्रेशर चढतं की उतरतं, देव जाणे. मग बाईनं रोज सकाळी घरीच मोजलं तर धोका लवकर कळेल का, आई-बाळ वाचतील का, हे पाहायचं होतं. काही गावांत घरोघरी मशीन दिलं होतं, काही गावांत नुसती नेहमीची तपासणी. मशीनचा आकडा मोबाईलवरून सरळ आमच्याकडे यायचा. डॉक्टर सबनीस मॅडम त्या कामाच्या प्रमुख आणि मी त्यांची गावोगाव फिरणारी नर्स. कुंदा फाळके. फाळके सिस्टर म्हटलं की शेतातल्या बायासुद्धा दंड पुढं करायच्या.

तात्यांच्या त्या तमाशानंतर जगदाळ्यांच्या घरातून आकडे नेमानं येऊ लागले. पहिले काही आठवडे थोडे वरखाली व्हायचे, जिवंत माणसाचे होतात तसे. मग मात्र अगदी छान यायला लागले. एकशे सोळा, एकशे अठरा, एकशे पंधरा. सबनीस मॅडमनी बैठकीत तो आलेख सगळ्यांना दाखवला. "बघा, मागच्या खेपेला एवढं होऊनसुद्धा ही बाई किती स्थिर आहे!" म्हणाल्या. मलाच मुंडावळ्या बांधल्यासारखं वाटलं.

आठवा लागला आणि डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. शालनबाई स्वतः आरोग्य केंद्रात हळदीकुंकू घेऊन आल्या होत्या.

"सिस्टर, तुमी आल्याबिगर आमी पोरीला झोपाळ्यावर बसवनार न्हाय."

त्या दिवशी मी गेले तेव्हा मांडवात बायांची ही गर्दी. शालनबाई पहाटेपासून पुरणात अडकलेल्या, कपाळाचं कुंकू घामानं ओघळलेलं. मला पाणी द्यायला आल्या तेव्हा मी सहज म्हणाले, "मावशी, आजचा आकडा आला नाही अजून. झोपाळ्यावर बसायच्या आधी घ्यायचा होता ना तिचा."

"आत्ता घिऊ की! हाय काय अन् न्हाय काय," म्हणत त्या लगबगीनं आत गेल्या.

तोवर बायांनी मोनालीला झोपाळ्यावर आणून बसवलं. हिरवी साडी, डोक्यात फुलांची वाडी, हातात फुलांचं धनुष्य. बाया तिच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडत होत्या.

"काय तेज आलंय गं तोंडावर!"

"अंग कसं भरलंय बघा. मुलगाच!"

"कासाराला बांगड्या चढंनात हिच्या हातात. शेवटी साबण लावला."

मी लांबूनच बघत होते. उन्हातून आल्यामुळं डोळे जरा दिपले होते, म्हणून तोंड नीट दिसत नव्हतं. एवढ्यात एका बाईनं दोन झाकलेल्या वाट्या तिच्यापुढं धरल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. जे निघेल त्यावरून मुलगा की मुलगी ते सांगायचं. मोनालीनं हात पुढं केला तो वाटीच्या शेजारून हवेतच गेला. पुन्हा केला, पुन्हा चुकला.

"अगं, कुठं चाललीस? वाटी हितं हाय!" बाया हसल्या. मोनालीही ओशाळून हसली आणि डोळे चोळायला लागली.

नेमका त्याच क्षणी माझ्या पर्समधला फोन वाजला. मी काढून बघितला. मोनाली जगदाळे, एकशे सतरा, शहात्तर. तुमचं प्रेशर उत्तम आहे.

मी फोनकडं बघितलं. मग मोनालीकडं बघितलं. तिचे दोन्ही दंड फुलांच्या बाजूबंदात होते. तिच्या आसपास पट्टा नव्हता, मशीन नव्हतं, काही नव्हतं. मग आत्ता, या मिनिटाला, कुणाचं प्रेशर उत्तम होतं?

मी चपला तशाच सोडून आत धावले. धान्याच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांमध्ये, शालनबाई मांडी घालून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, आणि डाव्या दंडाला आमचा निळा पट्टा.

"मावशी, हे काय करताय?"

त्यांनी डोळे उघडले. जराही दचकल्या नाहीत. "आज गडबडीत राहून गेलं हुतं. आलं का चांगलं?"

"हे तुम्ही कधीपासून करताय?"

"झालं की दोन-तीन आठवडं," त्या पट्टा सोडवत म्हणाल्या. "पट्टा आवळला की पोरीच्या दंडावर काळंनिळं वळ उठायचं. हात सुजल्यात तिचं. डोळ्यांत पाणी यायचं. म्हणलं, तू ऱ्हाऊ दे बाळा, तुझ्या वाटचं मी बसते."

"मी सांगितलं होतं ना मावशी? दुसऱ्या कुणाचं मोजायचं नाही म्हणून?"

"मग मी कुठं माझं मोजते?" शालनबाईंना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मी तिचंच मोजते की! रोज आंगूळ करून, देवापुढं बसून, तिचं नाव घिऊन मोजते. तिचं मंगळवारबी मीच धरते. पोटुशी बाईनं उपास करू न्हाय, पर सासूनं तिच्या नावानं केला तर देवाला पोचतो. मग ह्या मशिनीला न पोचाय काय झालं?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मनात फक्त दिवस मोजले. तीन आठवडे आम्ही सगळे शालनबाईंच्या दंडाचं कौतुक करत बसलो होतो, आणि मोनालीच्या दंडात काय चाललं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मशीन हिसकावून मी बाहेर आले. झोपाळा थांबवला. तिच्या दंडावरची फुलं तोडून टाकली तशी कुणीतरी "अगं बाई, अपशकुन!" म्हणालं.

"शकुन मला नका शिकवू. सरका, वारा येऊ द्या!" मी म्हणाले.

जवळून पाहिलं आणि कळलं. तेज कसलं, सगळं तोंड सुजलेलं होतं. पापण्या जड झाल्या होत्या. पट्टा फुगला, मोनालीनं ओठ चावला. आकडा आला, एकशे बहात्तर, एकशे चौदा. मी पुन्हा घेतला. दोनच आकड्यांनी उतरला.

"डोकं दुखतंय?" मी तिच्या कानाशी विचारलं.

"कालपासनं ठणकतंय." तिचे डोळे भरून आले. "आणि सगळं ठिपके ठिपके दिसतंय. कार्यक्रम आहे, म्हणून बोलले नाही, सिस्टर. मला वाटलं, माझ्या नावाचा आकडा तर चांगला येतोय."

मी सबनीस मॅडमना फोन लावला. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, वाटेत आरोग्य केंद्रात झटक्यांवरचं इंजेक्शन द्या आणि थांबू नका, मी जिल्ह्याच्या दवाखान्यात टेबल तयार ठेवते.

"तात्या, गाडी काढा!"

तात्या उठले, पण मोनालीची आई आडवी आली. बिचारी पहाटे निघून ओटीचं सगळं सामान घेऊन आलेली. "सिस्टर, पाच मिनिटं. ओटी तेवढी भरू द्या. झोपाळ्यावरनं रित्या ओटीनं उठवायची नसते पोरगी. मागच्या खेपेला तसंच झालं होतं आमच्या हातनं..."

चार बायांनी माना डोलावल्या. आता यांच्याशी भांडावं लागणार म्हणून मी कंबर कसली. पण माझ्या आधी शालनबाई पुढं झाल्या. माझ्या मागून कधी बाहेर आल्या ते कळलंच नव्हतं. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. त्यांनी आकडा वाचला होता, शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी आकडे त्यांना येत होते.

"गाडीत भरा ओटी," त्या विहीणबाईंना म्हणाल्या. "तांदूळ सांडलं तर सांडू द्यात. पोरगी सांडाय नगं."

आणि त्यांनी आणि मी मोनालीला दोन्ही बाजूंनी धरून उचललं.

शेजारच्यांची जीप होती. मागच्या सीटवर मोनालीला डाव्या कुशीवर निजवलं, डोकं तिच्या आईच्या मांडीवर. आईनं खरोखरच गाडीत ओटी भरली, नारळ सीटखाली गडगडत गेला. आरोग्य केंद्रापुढं जीप उभी ठेवून मी इंजेक्शन दिलं. पायाशी शालनबाई बसल्या होत्या. घाटरस्ता सुरू झाला तसं त्यांनी मला विचारलं, हळू, मोनालीला ऐकू जाऊ नये असं.

"सिस्टर, म्या मारलं का वो तिला?"

"अजून कुणी मेलेलं नाही, आणि मी इथं असताना मरणार नाही," मी म्हणाले. "रडायचं नंतर. आत्ता पाय धरा तिचे, वळणावर गडगडेल."

खरं सांगू? आवाज चढवून बोलले, पण खात्री मलाही नव्हती. ते मी त्यांना दिसू दिलं नाही, कारण गाडीत निदान एक माणूस तरी खात्रीनं बोलणारं लागतं.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर घेताघेताच तिला पहिला झटका आला. मोनालीच्या आईनं किंकाळी फोडली. सबनीस मॅडम हातमोजे चढवूनच उभ्या होत्या. इंजेक्शन आधी पोचलेलं होतं म्हणून झटका एकच आला, आवरला, आणि तिला आत नेलं. ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी. दीड किलोलाही थोडी कमी. रडली मात्र स्वतःहून, आणि ते ऐकून मी भिंतीला पाठ टेकवून खाली बसले.

मोनाली अतिदक्षता विभागात राहिली. प्रेशर उतरायचं नावच घेईना. लेक बाळांच्या विभागात काचेच्या पेटीत. मध्ये लांबच लांब व्हरांडा. त्या व्हरांड्यात शालनबाई जमिनीवर बसून असायच्या. ना इकडे जायच्या, ना तिकडे. मोनालीच्या आईनं त्यांना एकदाही बोल लावला नाही, त्यानं त्या आणखीच आत आत गेल्या. डबा आला की झाकण उघडून पुन्हा लावायच्या.

सबनीस मॅडमनी मला एकदा बाजूला घेतलं. "कुंदा, त्या तीन आठवड्यांच्या आकड्यांचं काय करायचं?"

"टाकून नका देऊ, मॅडम," मी म्हणाले. "लिहा की ते सासूचे आहेत. आणि सगळ्या गावांत सांगायला लावा, दंड बाईचाच हवा, दुसऱ्या कुणाचा तिच्या नावानं चालत नाही. आपण सगळं शिकवलं, हे शिकवायचं आपल्याला सुचलंच नाही. सुचणार कसं? उपास वाटून घेणारी माणसं आहेत ही."

मॅडमनी ते तसंच लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पट्टाही मोठ्या मापाचा द्यायला हवा." त्यानंतर तालुकाभर दोन मापांचे पट्टे आले.

बाळ पेटीबाहेर काढण्याइतकं सावरलं तेव्हा मॅडमनी सांगितलं, "आता हिला उघड्या छातीशी धरून बसायला माणूस पाहिजे. दिवसभर, जितका वेळ जमेल तितका. एवढ्या लहान बाळाला त्यानं ऊब मिळते, श्वास नीट चालतो, वजन चढतं. आईला अजून उठवत नाही. घरातलं कोण आहे?"

मी थेट व्हरांड्यात गेले.

"उठा, शालनबाई. हात धुवा, कोपरापर्यंत. नातीला छातीशी धरायचंय."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात पदराखाली लपवले. "नगं. तिच्या आईच्या आईला बोलवा. माज्या हातनं आदीच काय झालंय ते झालंय. मी तिच्या जागी बसले, अन् पोरगी मरणाच्या दारात गेली. आता पुन्हा तिच्या जागी बसू?"

"बसायचं!" मी ओरडलेच. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "प्रेशर ज्याचं त्यालाच मोजावं लागतं मावशी, तिथं कुणाची अदलाबदल चालत नाही. पण हे चालतं. मॅडमनी स्वतः सांगितलंय, आई नसली तर आजी चालते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तुम्हाला सुनेच्या वाटचं काहीतरी खरोखर करता येणार आहे, आणि तुम्ही इथं हात लपवून बसलाय! त्या पोरीनं वाट कुणाची बघायची?"

शालनबाई उठल्या. हात धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले, मीच नळ बंद केला. खुर्चीत बसवून मी त्यांच्या पोलक्याची बटणं सोडली, टोपडं घातलेलं ते मूठभर पोर त्यांच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं, वरून चादरीनं घट्ट बांधलं. पोरीनं एकदा तोंड वाकडं केलं आणि गाल टेकून झोपली. शालनबाईंनी श्वासच धरून ठेवला.

"श्वास घ्या, मावशी," मी म्हणाले. "तुमचा चालला की तिचा चालतो."

त्यानंतर त्यांना त्या खुर्चीतून उठवणं अवघड होऊन बसलं. नर्सा म्हणायच्या, आजी, पाय आखडतील, थोडं फिरून या. आजी नुसती मान हलवायच्या. पोरीचं वजन आधी उतरलं, मग थबकलं, आणि मग चढायला लागलं.

मोनालीला व्हीलचेअरवर बसवून आणलं ते मीच. ओठ पांढरे, हातावर सलाईनचे डाग, पण डोळे स्वच्छ. खोलीत शिरताच तिला सासू दिसली, आणि चादरीतून बाहेर आलेलं टोपडं. शालनबाईंनी मान खाली घातली. घाईघाईनं चादरीची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना.

"घे बाई तुजी लेक," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू येस्तवर नुसती सांभाळली. म्या आणखी काय न्हाय केलं."

मोनालीनं खुर्ची आणखी जवळ घ्यायला लावली. हात लांब करून तिनं सासूची बोटं त्या गाठीवरून बाजूला केली.

"असू द्या, आत्या. झोपलीय ती," ती म्हणाली. "माझ्या वाटचं बसा अजून थोडा वेळ."

शालनबाईंच्या डोळ्यांना धार लागली. जीपमध्ये, व्हरांड्यात, इतक्या दिवसांत त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता काढलं, पण हुंदका एकही नाही. हुंदका दिला असता तर छाती हलली असती आणि पोर जागी झाली असती. म्हणून ती बाई तोंड घट्ट मिटून, अंग जराही न हलवता, नुसती रडत राहिली.